बैलंबी पुण्याले गेले काय?

सव्वा वर्ष आम्ही घरात एक खोटं सांभाळलं. बाबा पुण्याला गेले, कंपनीत लागले, सुट्टी भेटत नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हे खोटं खपायला काही अडचण नाही, गल्लीगल्लीतला एखादा पोरगा पुण्याला असतोच. दादा तेव्हा जिल्ह्याच्याच तुरुंगात होता. माझ्या घरून एसटीनं दीड तास.

दादा माझा भाऊ, मी त्याच्या दोन मुलांची आत्या. त्यांची नावं लिहीत नाही. मोठी आणि धाकटा म्हणते, घरातही बहुतेकदा तेच चालतं. जून 2021 मध्ये मोठी 11 वर्षांची होती आणि धाकटा 7. पेरणीचे दिवस. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दादाचं चुलत भावाशी वाजलं, हातघाईवर आलं आणि चुलत भाऊ गेला. त्या दिवसाबद्दल याहून जास्त लिहिणार नाही. ज्यांचा माणूस गेला त्यांचीही लेकरं त्याच गावात आहेत, आणि मी पडले बहीण. मी काहीही लिहिलं तरी ते दादाच्या बाजूनंच झुकणार.

चौथ्या दिवशी मुलं माझ्याकडे आली. वहिनी गावातच राहिली, कारण चार एकर वावर अर्धं पेरलेलं होतं आणि माझी म्हातारी आई तिथंच होती. मुलांना मात्र तिथं ठेवणं शक्य नव्हतं. भाऊबंदांचं गाव, समोरासमोर ओटे. इकडे माझे मालक जिनिंगमध्ये कामाला, मी घरीच शिलाई करते. सासूबाई पहिल्या दिवशी शेजारणीला काय म्हणाल्या ते मी भिंतीआडून ऐकलं : "जेलवाल्याचे पोट्टे आणून ठेवले सुनेनं." रात्री त्याच सासूबाईंनी धाकट्याच्या भाकरीवर न बोलता दुधाची साय टाकली. तेव्हापासून मी माणसाचं बोलणं आणि करणं वेगवेगळं मोजते.

पुण्याचं खोटं कोणी बसून ठरवलं नव्हतं. धाकट्यानं पहिल्या रात्री विचारलं, मालकांच्या तोंडून निघून गेलं, आणि मग सगळ्यांनी ते उचलून धरलं. कोरोनामुळे शाळा बंद होत्या, तुरुंगातल्या भेटी बंद होत्या. सगळी परिस्थितीच खोट्याच्या सोयीची. धाकटा म्हणायचा, "शेजारचा दादा पुण्याहून रोज व्हिडिओ कॉल करते, बाबा काऊन नाही करत?" आम्ही म्हणायचो, कंपनीत मोबाइल जमा करावा लागतो.

वकिलाच्या फीसाठी आईनं बैलजोडी विकली. तुरुंगात असलेल्या माणसाला, त्याची कमाई कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदाच तसं म्हणतो आणि त्यांचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. हे आम्हाला बैल गेल्यावर कळलं. त्या वर्षी पोळ्याला मी धाकट्याला घेऊन गावी गेले. यानं खाऊचे पैसे साठवून शिंगांना लावायला बेगड आणलेली. गोठ्याच्या दारात उभा राहून त्यानं रिकाम्या खुंट्यांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "आत्या, बैलंबी पुण्याले गेले काय?"

तेव्हा मला वाटलं, किती भोळं लेकरू. आता वाटतं, त्यानं आम्हाला टोमणा मारला होता.

मोठीला तर सगळं पहिल्यापासून माहीत होतं. पोलीस आले तेव्हा ती घरातच होती. पण आम्ही धाकट्याला जे सांगतो ते तिनं पाहिलं आणि मुकाट्यानं आमच्यात सामील झाली. नंतर मला कळलं की ती त्याला सकाळी सांगायची, "रात्री तू झोपला होता तवा बाबाचा फोन आला होता, तुले विचारत होते." 11 वर्षांची पोर आम्हा मोठ्यांचं खोटं पाठीवर घेऊन चालत होती, आणि आम्हाला वाटत होतं ती समजूतदार आहे. त्या वर्षी तिचे केस मूठमूठ गळले. मी तेल बदलून पाहिलं.

2022 मध्ये भेटी सुरू झाल्यावर मी एकटीच दादाला भेटायला जायचे. ज्याची केस चालू आहे अशा बंद्याला आठवड्यातून एकदा भेटता येतं. आधार कार्ड दाखवा, नाव लिहा, मोबाइल बाहेर ठेवा, पुकारा होईपर्यंत बसा. मग काचेपलीकडे माणूस आणि मधे फोनचा रिसीव्हर. तिथं बाकावर एक ताई भेटल्या. बंद्यांच्या घरच्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या कार्यकर्त्या. त्यांनी पहिल्यांदा दादाच्या केसबद्दल नाही, मुलांबद्दल विचारलं. मी जरा अभिमानानंच सांगितलं की लहान्याला आम्ही काही कळू दिलं नाही.

ताई म्हणाल्या, "गावाले माहीत हाये?"

म्हटलं, "सगळ्यायले."

"मग त्याले माहीत नाही असं कसं म्हणता?"

अमरावतीत 'वऱ्हाड' नावाची संस्था बंद्यांच्या कुटुंबांसाठी आणि मुलांसाठी काम करते, टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून तुरुंगातल्या माणसांबरोबर काम करतोय, ही नावंही मी त्या बाकावरच ऐकली. तोपर्यंत मला वाटायचं, या बाबतीत आपण जगात एकटेच.

ताईंनी मला तीन वाक्यं दिली. लांबण लावू नका, रडत सांगू नका, एवढंच बोला. पहिलं : बाबाच्या हातून मोठी चूक झाली आणि त्यात एक माणूस गेला. दुसरं : बाबा तुरुंगात आहेत आणि किती दिवस ठेवायचं ते न्यायाधीश ठरवतील. तिसरं : यात तुझी काही चूक नाही. मी म्हटलं, तिसऱ्याची काय गरज, सात-आठ वर्षांच्या पोराची कसली चूक? त्या म्हणाल्या, "तेच तर सगळ्यात महत्त्वाचं हाये. गाळू नका."

सांगायला मला तीन आठवडे लागले. सोयाबीन निघायचे दिवस होते. एका संध्याकाळी लाइन गेली, अंधारात आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो, आणि तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, मी बोलून गेले. तीनही वाक्यं, त्याच क्रमानं. मोठी शेजारी होती, तिचा श्वास मोठा झालेला ऐकू आला. धाकटा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तिथं जेवाले भेटते काय?"

म्हटलं, भेटते.

"पंखा हाये काय?"

हाये.

"मी भेटाले गेलो तर मलेबी ठेवून घेतीन काय?"

नाही रे बाबा.

मग तो उठला आणि लाइन येईपर्यंत अंगणातल्या कुत्र्याशी खेळत बसला. मला वाटलं, झालं, सुटलो. मोठी तेवढी माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली, "आता मले फोनचं सांगा लागणार नाही ना?"

आठ-दहा दिवसांनी मी मशीनवर बसले होते. धाकट्याला मशीनखाली बसून चिंध्या गोळा करायची सवय आहे. पॅडल चालू असतानाच खालून आवाज आला, "आत्या, म्याच सांगतलं होतं बाबाले."

मी पाय थांबवला. त्या सकाळी हा वावरात गेला होता आणि घरी येऊन बापाला बोलला होता की काका धुरा कोरून राह्यले. बाबा हातातला चहा ठेवून निघाले. एवढंच. सात वर्षांच्या पोरानं जे पाहिलं ते सांगितलं. आणि पुढं सव्वा वर्ष, आम्ही पुण्याच्या गोष्टी सांगत असताना, हा मनात धरून बसला होता की आपण बोललो म्हणून काका मेला आणि बाबा गेला. कोणाला सांगणार? ज्यांना सांगायचं ते तर बाबा कंपनीत आहेत म्हणत होते.

मी त्याला मशीनखालून ओढून मांडीवर घेतलं आणि तिसरं वाक्य पुन्हा म्हटलं. त्यानं मान हलवली. पण मला दिसत होतं की माझ्या म्हणण्यानं ते पूर्ण निघालेलं नाही.

शाळेचं थोडक्यात सांगते, कारण तिथं नशीब बरं होतं. जुन्या शाळेतून दाखला आणला, नव्या शाळेत बाईंना मी एकटीला गाठून सगळं सांगितलं. एकच विनंती केली की 'वडील काय करतात' हा प्रश्न वर्गात उभं करून विचारू नका. बाईंनी तो प्रश्नच त्या वर्षापुरता सगळ्या वर्गासाठी बंद केला. पोरांनी मात्र शोधून काढलंच. एकानं "तुहा बाप खुनी" म्हटलं, धाकट्यानं त्याला पाटी मारली. बाईंनी दोघांनाही घरी पाठवलं नाही, दोघांना एकाच बाकावर बसवलं. मला वाटलं हे चुकतंय. नाही चुकलं. तो पोरगा आज याचा पक्का मित्र आहे आणि माझ्या घरी येऊन आंब्याचं लोणचं चाटतो.

आता बालसंगोपन योजनेचं. हे जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्यासारख्या घरांना ते कोणी समजावून सांगत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना वाटतं ही फक्त अनाथ मुलांची योजना आहे. तसं नाही. आईवडिलांपैकी कोणी तुरुंगात असेल अशी मुलंही तिच्यात बसतात. मूल संस्थेत न टाकता घरात, नातेवाइकांकडे वाढावं म्हणून सरकार महिन्याला पैसे देतं. आम्ही अर्ज केला तेव्हा एका मुलामागे 1100 रुपये होते. 2023 मध्ये ते 2250 झाले. आता योजनेच्या नावापुढं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले असं लागलं आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे, आदेश बाल कल्याण समितीचा.

कागद असे लागले : दोन्ही मुलांचे जन्मदाखले, आधार, शाळेचं बोनाफाइड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेचं पासबुक, दादा तुरुंगात असल्याचा कारागृहाचा दाखला, आणि पालकासोबत मुलांचा घरासमोर उभं राहून काढलेला फोटो. फोटोची गंमत सांगते. मालकांनी मोबाइलवर काढला, प्रिंट आणली, पाहतो तर मागं दारात सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. पुन्हा काढला, पुन्हा त्या. म्हणाल्या, "घर माहं हाये ना? मंग?" शेवटी त्यांना शेजारी मूग निवडायला बसवून तिसरा फोटो काढला.

खरा घोळ नावाचा झाला. धाकट्याच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव एक, आधारवर एका काण्याचा फरक, आणि शाळेत तिसरंच. एरवी बाप जाऊन सही करून दुरुस्त करून आणतो. इथं तोच नव्हता. प्रत्येक खिडकीवर "वडिलांना घेऊन या" आणि प्रत्येक वेळी मी आजूबाजूला बघत हळू आवाजात कारण सांगायचं. एका कार्यालयात (कोणतं ते लिहीत नाही) समोरच्या माणसानं ते ऐकलं आणि मोठ्यानं शेजारच्या टेबलाला म्हणाला, "पाहा, आता बाप जेलात गेला म्हणूनबी पैसे भेटतात." धाकटा माझ्या पदराला धरून होता. मी काही बोलले नाही. बाहेर येऊन त्याला उसाचा रस पाजला. रस पिता पिता तो म्हणाला, "आत्या, पुढच्या खेपेले तू एकटीच येजो." त्या दिवसापासून मी एक केलं : कारण तोंडी सांगणं बंद केलं. अर्जावर दोन ओळी लिहून कारागृहाचा दाखला टाचणीनं जोडायचा आणि कागद पुढं सरकवायचा. ज्याला वाचायचं तो वाचेल. आईची सही बहुतेक ठिकाणी चालते हेही तेव्हाच कळलं, फक्त ते आपण ठासून म्हणावं लागतं.

मग गृहभेट झाली. एक मॅडम आल्या, घर पाहिलं, मुलं कुठं झोपतात ते पाहिलं, सासूबाईंशी अर्धा तास बोलल्या. सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "माह्ये नातवंडंच हायेत ते." मी स्वयंपाकघरात हातातलं भांडं धरून उभी राहिले.

बाल कल्याण समितीपुढं मुलांना घेऊन जावं लागलं. मला कोर्टासारखं काहीतरी वाटत होतं. टेबलामागं अध्यक्ष आणि सदस्य, पण मुलांना खुर्चीवर बसवून त्यांच्याशीच बोलले. गावातल्या दोघा-तिघांनी मला सल्ला दिला होता की पोरं सरळ बालगृहात टाक, सरकार पाहील. 2015 चा बाल न्याय कायदा मात्र संस्था हा शेवटचा उपाय मानतो, आधी घर पाहा म्हणतो. समितीतल्या एका बाईंनी तेच साध्या भाषेत सांगितलं. धाकट्याला विचारलं, तुला कुठं राहायचं? तो म्हणाला, "आत्याजवळ. पण आईबी पाह्यजे." बाई हसल्या आणि मला म्हणाल्या, दर पंधरा दिवसांनी आईची भेट झाली पाहिजे, ते तुम्ही पाहा. ते आम्ही पाळलं. कापूस वेचणीच्या दिवसांत वहिनीला मजुरी सोडून येणं जमत नव्हतं, तेव्हा मी मुलांना घेऊन जायचे. मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, त्याचा आम्हाला किती आधार झाला ते तिकीट काढणारीलाच ठाऊक. आई 75 च्या पुढची, तिला फुकट.

पैसे सुरू झाले. महिन्याच्या महिन्याला येतील अशा हिशेबावर कोणी उधारी करू नये, थांबून थांबून येतात आणि मग एकदम जमा होतात. पण येतात. मोठीची सायकल त्यातूनच घेतली.

काचेपलीकडची भेट धाकट्याला एकदाच दाखवली. त्यानं रिसीव्हर कानाला लावला आणि एक शब्द बोलला नाही. दादा पलीकडून "बोल ना रे, बोल ना" म्हणत राहिला, वेळ संपली. परत येताना एसटीत म्हणाला, "बाबाचे ओठ हालत होते अन् आवाज दुसरीकडूनच येत होता." नंतर आम्ही ऑनलाइन भेट घ्यायला लागलो. ई-मुलाकात म्हणतात त्याला. संकेतस्थळावर नाव, नातं, मोबाइल नंबर भरायचा, ओटीपी येतो, मंजूर झालं की ठरल्या वेळी लिंक उघडायची. आमच्या घरात रेंज नाही, म्हणून आम्ही पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसायचो. तिथं तो बोलायला लागला. कुत्रीला पिल्लं झाली, ती मोबाइल फिरवून बापाला दाखवली.

फेब्रुवारी 2024 मध्ये निकाल लागला. खुनाचं कलम टिकलं नाही, सदोष मनुष्यवध धरला गेला, सात वर्षं सक्तमजुरी. आधी आत काढलेले दिवस त्यातून वजा होतात. मी हे मुलांना त्याच संध्याकाळी सांगितलं, आता उशीर करायचा नाही हे शिकले होते. धाकट्यानं विचारलं, "सात वर्षं म्हणजे किती पोळे?" मी म्हटलं, सात. त्यानं बोटं मोजली. "तीन तर झाले. चार राह्यले." चांगल्या वागणुकीच्या माफीचे दिवस धरले तर एखादा पोळा कमीही होईल, हे मी त्याला सांगितलं नाही. ताईंनीच बजावलं होतं : जे नक्की नाही ते मुलाच्या हातात देऊ नका.

दादाला अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात हलवलं. तिथं असताना गळाभेटीबद्दल कळलं. शिक्षा झालेल्या बंद्यांना त्यांच्या 16 वर्षांच्या आतल्या मुलांना प्रत्यक्ष जवळ घेऊन भेटता यावं म्हणून महाराष्ट्रातल्या कारागृहांमध्ये हा कार्यक्रम घेतात. मधे काच नाही, जाळी नाही. त्या वर्षाच्या शेवटी आमचा नंबर लागला. नेर, नांदगाव खंडेश्वर करत सकाळी सकाळी अमरावतीला पोचलो. आईनं रात्री उठून रोडगे केले होते. आत घरचं खाणं नेता येत नाही हे तिला मी दहादा सांगितलं होतं, तिनं दहादा ऐकलं होतं आणि तरी डबा बांधला होता.

मोठी गेटपर्यंत आली आणि थांबली. "मी डब्याजवळ बसते." मालक तिच्यासोबत थांबले. ती बापाला 'बाबा' म्हणायची कधीच बंद झालेली, 'ते' म्हणते. तिला आईच्या हातांवरून त्यांचा राग आहे. वहिनी दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला जाते, बोटं बोंडांनी फाटतात, आणि ती पोर प्रत्येक भेटीला आधी आईची बोटं पाहते. ताईंनी सांगितलं होतं, ओढू नका. मी ओढलं नाही.

बसायच्या जागी एक आजी होत्या, कडेवर तीन-चार वर्षांची नात. मुलीला भेटायला आलेल्या. आई आत असली तर 6 वर्षांपर्यंतचं मूल तिच्याजवळ राहू शकतं, 2006 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. पण या आजींनी नात बाहेर ठेवली होती. म्हणाल्या, "तिले झाड पाह्यले भेटलं पाह्यजे." पुढं बोलायला वेळ नव्हता, पुकारा झाला.

दादा पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर पांढरी टोपी. धाकटा पळत जाईल असं मला वाटलं होतं. तो दोन हात अंतरावर थांबला आणि त्यानं हात जोडून नमस्कार केला, पाहुण्याला करतात तसा. दादा खाली जमिनीवरच बसला. मग धाकटा जवळ गेला, आधी टोपीला हात लावला. "हे काऊन घातली?"

"इथं घालाव लागते."

मग तो मांडीवर बसला. दहा वर्षांचं पोर, पाय लांबलांब, मांडीत मावेना. बराच वेळ दोघं काही बोलले नाहीत. आई शेजारी बसून दादाचा दंड चाचपत होती, किती वाळला ते बघत. आणि मग धाकट्यानं ते काढलं. "बाबा, म्याच सांगतलं होतं ना तुमाले. धुऱ्याचं."

दादानं त्याच्याकडे पाहिलं. "तू? तू कवा सांगतलं?"

"सकाळी. तुमी चहा पीत होते."

"मले नाही बा आठवत," दादा म्हणाला. "मी तं युरिया टाकाले चाललो होतो."

धाकटा बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. नंतर त्यानं डोकं खांद्यावर टाकलं आणि वेळ संपेपर्यंत उचललं नाही. दादाला खरंच आठवत नव्हतं, की त्यानं ते क्षणात समजून तसं म्हटलं, हे मी त्याला आजपर्यंत विचारलेलं नाही. कारागृहातून येणाऱ्या त्याच्या फोनवरही नाही. आम्हाला मिळणाऱ्या सहा मिनिटांत विचारण्यासारखं ते नाहीच.

रोडगे आम्ही अमरावतीच्या बसस्टँडवर खाल्ले. धाकट्यानं चार खाल्ले. मोठीनं त्याला विचारलं, "काय म्हणले ते?" तो म्हणाला, "तुले विचारत होते." मी दोघांकडे पाहिलं. या वेळी ते खरं होतं.

यंदा तान्ह्या पोळ्याला आम्ही गावी गेलो. मुलं लाकडी बैल सजवून ओळीनं उभी करतात, तिथं धाकटा त्याच्याहून लहान पोरांमधे आपला जुना चाकांचा बैल घेऊन उभा राहिला, तोरणाखाली. चार मुलं सोडून चुलत भावाचा मुलगा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, बोलले नाहीत. त्याच्या आईनं मला पाहून पदर सारखा केला आणि तोंड फिरवलं. तिचं बरोबर आहे. तिच्या मुलांच्या वाट्याला कोणती ताई आली, कोणी त्यांना बसून काही सांगितलं की नाही, हे विचारायला मी शेवटची. घरी परतताना धाकटा म्हणाला, "त्याले कोणी सांगतलं असन काय, का त्याची चूक नाही म्हून?" मी म्हटलं, सांगितलं असेल. तो म्हणाला, "तुले माहीत हाये का नुसतं म्हणून राह्यली?"

म्हटलं, नुसतं म्हणतेय.

मोठी आता दहावीत. येत्या जानेवारीत तिला 16 पूर्ण होतील. परवा रात्री मी तिच्या कुर्त्याची शिलाई उसवत होते, ती पुस्तक घेऊन समोर बसलेली. पानावरची नजर न उचलता तिनं विचारलं, "आत्या, ते 16 च्या आत म्हणजे, 16 पूर्ण व्हायच्या आत, का सोळावं लागायच्या आत?"

मी म्हटलं, उद्या फोन करून विचारते.

"विचार," ती म्हणाली. "पण कोणासाठी ते सांगू नको."